वर्लिन ओडेगार्ड राहतो कुठे?

आमच्या हॅगन गावात वर्लिन ओडेगार्डशी ज्याचं एकदाही वाजलेलं नाही असा माणूस शोधायचा तर दफनभूमीत जावं लागेल, आणि तिथेही खात्रीने काही सांगता येत नाही. बेचाळीस वर्षं या बाबाने लोकांच्या आवारात बोअर मारले. पाणी लागलं की म्हणायचा, "सांगितलं होतं ना!" नाही लागलं की म्हणायचा, "तुमच्या जमिनीतच दम नाही, मी काय करू?" दोन्ही वेळा पैसे तेवढेच घ्यायचा आणि दोन्ही वेळा भांडण करूनच निघायचा.

पण त्याचं खरं वैर गावकऱ्यांशी नव्हतं. ते होतं मिनेसोटा राज्याशी. सव्विसाव्या वर्षी त्याने स्वतःच्या नावावर पहिला बोअर मारला. दोनशे दहा फुटांवर गोड पाणी लागलं आणि चौथ्या दिवशी सरकारी तपासनीस टेप घेऊन हजर. गोठ्यापासूनचं अंतर नियमापेक्षा बारा फूट कमी भरलं. बोअरला टाळं ठोकलं. आता चूक कुणाची? धडधडीत वर्लिनची. पण तो म्हणाला, "मग गोठा सरकवा की!" त्या दिवसापासून राज्य आणि तो एकमेकांसमोर उभे. गोष्ट सांगता सांगता ते बारा फूट दहा वर्षांनी सहा झाले, वीस वर्षांनी तीन, आणि साठी उलटल्यावर तर तो बोटांनी दाखवायचा, "एवढंसं हो, वीतभर!"

त्याची बायको आर्डिस. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तिने तीनशे पोरांचं जेवण रांधलं, त्यामुळे आरडाओरड्याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. वर्लिन जेवणाच्या टेबलावर गव्हर्नरपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचा. ती शांतपणे ऐकायची. तो श्वास घ्यायला थांबला की विचारायची, "झालं? मटार वाढू?" तो म्हणायचा, "वाढ." असा त्यांचा संसार चाळीस वर्षं चालला, आणि खरं सांगायचं तर गावातल्या पुष्कळ संसारांपेक्षा बरा चालला.

सदुसष्टाव्या वर्षी वर्लिनने धंदा विकायला काढला. सेंट क्लाउडकडची एक मोठी कंपनी यंत्रं, गिऱ्हाइकं, नाव, सगळं घ्यायला तयार झाली. तेव्हा तो रॉनी टेस्केकडे गेला. रॉनी म्हणजे आमच्या गावाचे करांचे कागद भरणारा माणूस, बारीक आवाजाचा आणि घाबरट.

रॉनी म्हणाला, "हे बघ वर्लिन, दिल्लीश्वरांचा कर तर चुकत नाही..." असं तो म्हणाला नाही अर्थातच, तो वॉशिंग्टनच म्हणाला, पण सूर तोच. "वॉशिंग्टनचा कर कुणाला चुकला नाही. पण राज्याचा कर वेगळा. धंदा विकशील त्या दिवशी तू ज्या राज्याचा रहिवासी, ते राज्य आपला वाटा घेणार. मिनेसोटा चांगला घसघशीत घेतं."

"आणि साउथ डकोटा?"

"तिथे हा करच नाही."

वर्लिनने खिडकीतून पश्चिमेकडे बघितलं. राज्याची हद्द आमच्या गावापासून तीस मैल. तिच्या पलीकडे आठ मैलांवर केस्टर नावाचं गाव आहे, तिथे त्याने स्वतः अकरा बोअर मारले होते.

"अडतीस मैल," तो म्हणाला. "एवढ्यासाठी मी या चोरांना वाटा देऊ?"

"नुसते कागद हलवून भागत नाही," रॉनी घाईघाईने म्हणाला. "माणसाला हलावं लागतं. मनापासून हलावं लागतं. आणि इथलं घर ठेवणार असशील तर वर्षात एकशे त्र्याऐंशी दिवस इथे भरले की खेळ खलास, मग तू इथलाच. आणि दिवस म्हणजे पूर्ण दिवस नव्हे बरं का. अर्धा तास आलास तरी तो दिवस धरतात."

"मला मोजता येतं," वर्लिन म्हणाला.

आर्डिसने ऐकून घेतलं आणि एकाच वाक्यात निकाल लावला. "मी कुठे जाणार नाही."

"अगं, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे!"

"मग तू जा दोन वर्षं."

"आपण नवरा-बायको आहोत ना?"

"ते रॉनीला सांग. मला माहीत आहे."

दोन जानेवारीला वर्लिनने पिकअपमध्ये पलंग, टीव्ही, एक तवा आणि आपली टेकायची खुर्ची टाकली, आणि केस्टरला एक जुनं फिरतं घर घेऊन तिथे राहायला गेला. वाहनाचं लायसन्स बदललं, मतदारयादीत नाव घातलं, बँक बदलली. तळघरातली हत्यारं, होडी आणि रविवारचा सूट हॅगनलाच राहिला, कारण तो परत येणारच होता. धंदा एप्रिलमध्ये विकला गेला. त्या संध्याकाळी तो फिरत्या घराच्या पायरीवर बसून पूर्वेकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "घ्या आता! घ्या वाटा!" शेजारच्या कुत्र्याने तेवढं ऐकलं.

बियाणाच्या दुकानातून फुकट मिळालेली एक खिशातली वही त्याने केली. मिनेसोटात पाय पडला की त्या तारखेवर फुली. शुक्रवारी येऊन सोमवारी गेला की चार फुल्या. आणि हळूहळू या माणसाला त्या फुल्यांनी झपाटलं. आर्डिसचा फोन यायचा, "न्हाणीघराचा नळ गळतोय." तो म्हणायचा, "आज बुधवार. शुक्रवारी येतोच आहे, मधेच एक फुली कशाला वाया घालवू? बादली ठेव." तिच्या बहिणीच्या साठीला तो गेला नाही. आर्डिसने कारण विचारलं तर म्हणाला, "केकसाठी एक अख्खा दिवस?" ती नळ स्वतः दुरुस्त करायला शिकली, आणि काही दिवसांनी तिने नळाबद्दल फोन करणंच सोडलं. वर्लिनला वाटलं, बाई समजूतदार आहे.

मे महिन्यातल्या एका शनिवारी एल्बर्ट तळ्यावर मासेमारीचा हंगाम उघडला. आमच्याकडे त्या शनिवारी चर्चचा धर्मगुरूसुद्धा प्रवचन आटोपशीर लिहितो. वर्लिनने त्या दिवशी तळ्यावर नसणं म्हणजे तळ्याचाच अपमान. आमिषांच्या दुकानात रांग होती. काउंटरवर डार्लीन.

"नेहमीचंच ना, वर्लिन? रहिवाशाचं?"

मागून अँडर्स लुंडे खदखदला. "अगं तो आता डकोटावाला! त्याला पाहुण्यांचं लायसन्स दे. आणि नकाशा पण दे हो, तळं सापडायचं नाही बिचाऱ्याला!"

अख्खी रांग हसली. वर्लिनची मान लाल झाली. पाहुण्यांचं लायसन्स मागायचं? या तळ्यावर? ज्या तळ्यात तो पाच वर्षांचा असताना बर्फ फुटून पडला होता आणि बापाने केसाला धरून वर काढला होता? त्याच्या तोंडून तो शब्द निघेना.

"रहिवाशाचं," तो गुरगुरला. "आणि अँडर्स, तुझ्या बापाला वल्हं धरायला माझ्या बापाने शिकवलं, विसरू नकोस."

फॉर्मवर 'मी मिनेसोटाचा रहिवासी आहे' या ओळीखाली त्याने सही ठोकली आणि त्या दिवशी सहा वॉलआय मासे पकडले.

तो उन्हाळा त्याने तळ्यावर घालवला, म्हणून फुल्या भराभर संपल्या. नोव्हेंबर सरताना वहीत एकशे ऐंशी फुल्या होत्या. उरल्या दोन. त्या त्याने नाताळच्या आदल्या संध्याकाळसाठी आणि नाताळच्या दिवसासाठी राखून ठेवल्या. फोनवर त्याने आर्डिसला ते मोठ्या कौतुकाने सांगितलंही.

नऊ डिसेंबरला आर्डिस मागच्या पायऱ्यांवर बर्फावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्या इनेझ ब्रांटने अँब्युलन्स बोलावली. गाडीत झोपल्या झोपल्या आर्डिसने फोन केला.

"वर्लिन, मी पडले. हाड मोडलंय. उद्या ऑपरेशन."

"अरे देवा! कुठे नेतायत?"

"काउंटीच्या हॉस्पिटलात."

वर्लिनने वही काढून डिसेंबरचं पान बघितलं. मग म्हणाला, आणि हे त्याने खरोखर चांगल्या मनाने सुचवलं, हे मी शपथेवर सांगतो, "त्यांना म्हणावं सू फॉल्सला न्या. डकोटात. तिथले दिवस मोजत नाहीत. मी रोज येईन, उशाशी बसून राहीन."

आर्डिसने फोन ठेवून दिला. गाडीतल्या बाईने मात्र सगळं ऐकलं, आणि अशा रीतीने आठवड्याभरात ते सगळ्या हॅगनला कळलं. काउंटीच्या हॉस्पिटलात आर्डिस बारा दिवस होती. इनेझ रोज गेली. वर्लिनने रोज फोन केला. तो नाताळच्या आदल्या संध्याकाळी आला, दारातच टोपी काढून म्हणाला, "बघ, तुझ्यासाठी राखून ठेवले होते." आर्डिस चाकांच्या वॉकरला धरून उभी होती. टेबलावर इनेझने आणून ठेवलेलं मांस-बटाट्याचं हॉटडिश होतं. आर्डिसने त्याला वाढलं. तो सरकारबद्दल बोलला, ती ऐकत राहिली, आणि मटाराचं ती काही म्हणाली नाही. त्याने स्वतःच हात लांब करून घेतले.

पुढल्या शरदात राज्याचं पत्र आलं. कर तपासणी. तुम्ही स्थलांतर केल्याचं सांगता, तर ते सिद्ध करा. पुढले चार महिने कागद गेले आणि कागद आले. शेवटी मार्चमध्ये तपासनीस स्वतः रॉनीच्या कचेरीत येणार असं ठरलं, आणि पत्रात लिहिलं होतं, पत्नीने उपस्थित राहावं.

त्याच्या आठवडाभर आधी वर्लिन हॅगनच्या स्वयंपाकघरात बसून आर्डिसला पढवत होता.

"तपासनीस विचारेल, नवरा कुठे राहतो? तू म्हणायचं, केस्टरला. तो विचारेल, परत येणार आहे का? तू म्हणायचं, नाही, कायमचा गेला. बस. जास्त बोलायचं नाही. तू तशीही बोलत नाहीस."

"आणि हे खोटं आहे," आर्डिस म्हणाली.

"कागदापुरतं गं! केस मिटली की मी ते केस्टरचं खोकडं विकतो आणि माझ्या खुर्चीसकट येतो परत. हरलो तर? सगळं व्याजासकट त्या लुटारूंच्या घशात. बेचाळीस वर्षं चिखलात उभा राहिलो ते यांच्यासाठी? आणि हरलो ना, तर मी इथे तोंड कसं दाखवू? तो अँडर्स मेल्यावरसुद्धा हसेल."

"सही करून खोटं सांगायचं मी?"

"तू चर्चमध्ये नसशील, करवाल्यांसमोर असशील. त्यांच्याशी खोटं बोललेलं देव मोजत नाही."

आर्डिसने फडकं घेतलं आणि टेबल पुसायला लागली. चाळीस वर्षं तिच्या गप्प बसण्याला तो होकारच समजत आला होता, या वेळीही समजला. त्या दिवसाची फुली मारून तो निघाला.

तपासनीस निघाली एक पस्तिशीची बुटकी बाई. काझुआ लोर नाव. गुडघ्यापर्यंत बूट, हातात विटेएवढी जाड फाइल. तिने बूट दारात काढून ठेवले आणि मोज्यांवर आत आली, हे आर्डिसला आवडलं आणि वर्लिनला नाही.

"बस, मुली," वर्लिन म्हणाला. "तू मूळची कुठली?"

"सेंट पॉलची. तुम्ही?"

"म्हणजे तसं नव्हे गं. मूळची?"

"सेंट पॉलची," ती म्हणाली. "तिथेच जन्मले, तिथेच राहते, तिथेच कर भरते. माझं सोपं आहे, मिस्टर ओडेगार्ड. आज प्रश्न तुमचा आहे. तुम्ही मूळचे कुठले?"

रॉनी खोकला. वर्लिनने खुर्ची पुढे ओढली.

मग तिने एकेक कागद काढायला सुरुवात केली. दात कुठे तपासता? हॅगनला. का, केस्टरला दातांचा डॉक्टर नाही? "आहे, पण गाढव आहे." चर्चमध्ये दानाची पेटी फिरवायच्या यादीत तुमचं नाव महिन्यातून दोन रविवार, ते कसं? "देवाला तुम्ही कर लावायला निघालात की काय?" होडी कुठे असते? हत्यारं कुठे असतात? वर्लिनचा आवाज चढत गेला. ती मात्र प्रत्येक उत्तर लिहून घ्यायची आणि पुढचा कागद काढायची. ओरडणाऱ्या माणसाला समोरचा लिहीत बसला की फार राग येतो.

"दिवस मोजा ना माझे!" त्याने वही टेबलावर आपटली. "एकशे ब्याऐंशी! एक जास्त नाही! दाखवा चूक!"

तिने वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. "चूक नाही," ती म्हणाली. "एवढी चोख वही मी पाहिलेली नाही. पण दिवस कमी भरले म्हणजे माणूस गेला असं होत नाही. घर कुठे आहे हा वेगळा प्रश्न." आणि तिने फाइलीतून एक गुलाबी चिठोरं काढलं. "ही सही तुमची?"

मासेमारीचं लायसन्स. रहिवाशाचं.

वर्लिनने ते हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"सही केली त्या दिवशी तुम्ही मिनेसोटाचे रहिवासी होतात," ती म्हणाली, "की करांच्या कागदावर सही केली तेव्हा साउथ डकोटाचे होतात? दोन्ही सह्या तुमच्या. एक खोटी आहे. कुठली ते तुम्ही सांगा."

रॉनीने डोळे मिटून घेतले.

"अहो, रांग होती मागे," वर्लिन म्हणाला. केव्हापासून तो 'अहो'वर आला ते त्यालाही कळलं नाही. "लोक हसत होते."

"कुठली खोटी?"

बाहेर रस्त्यावरून बर्फ ढकलायची गाडी गेली. ती पार लांब जाईपर्यंत वर्लिन खिडकीतून तिच्याकडे बघत राहिला.

"लायसन्सवरची," तो शेवटी म्हणाला. आमच्या तळ्याबद्दल या माणसाने जन्मात बोललेलं हे एवढंच खोटं, आणि ते त्याला परक्या बाईसमोर कबूल करावं लागलं. त्याला रडू आलं असतं, पण त्याऐवजी त्याने टेबलावर मूठ मारली. "लायसन्सवरची! लिहा! लावा दंड!"

तिने लिहिलं. "ठीक. तरी एक गोष्ट राहते. नवरा-बायकोचं घर एकच असतं असं कायदा धरून चालतो. तसं नाही म्हणायचं तर ते दिसायला हवं." आणि ती आर्डिसकडे वळली. "मिसेस ओडेगार्ड, तुमचा नवरा कुठे राहतो?"

"केस्टरला," आर्डिस म्हणाली.

वर्लिनने मान हलवली. शाब्बास.

"कधीपासून?"

"दोन जानेवारीपासून. त्या दिवशी त्याने खुर्ची नेली. गेला तेव्हाच. मला कळायला मात्र डिसेंबर उजाडला."

हे काही पढवलेलं नव्हतं. वर्लिनने भुवया वर केल्या.

"म्हणजे?"

आर्डिसने मांडीवरची पर्स उघडली आणि चार घड्या घातलेला कागद टेबलावर ठेवला. "मी हॉस्पिटलात होते त्याचा हा फॉर्म. काही झालं तर कुणाला कळवायचं, घरी कोण असतं, अशा ओळी आहेत. पहिल्यांदा मी सवयीने ह्याचं नाव लिहिलं. मग खोडलं. इनेझ ब्रांटचं लिहिलं, ती शेजारी आहे. घरी कोण असतं, तिथे लिहिलं, कुणी नाही. तारीख आहे खाली."

लोरने कागद हातात घेतला. वर्लिनच्या जागेवरून त्याला आपलं नाव आणि त्यावरची आडवी रेघ दिसत होती.

"ते बारा दिवसांत आले नाहीत?"

"त्याचे दिवस संपत आले होते," आर्डिस म्हणाली. "वहीत बघा. डिसेंबरात दोनच फुल्या आहेत."

लोरने वही उघडली आणि डिसेंबरच्या पानावर बोट ठेवून त्या दोन फुल्या मोजल्या.

आणि वर्लिन? वर्लिन मनातल्या मनात उड्या मारत होता! काय बाई आहे! गुणाची! जन्मभर तोंडातून चार शब्द काढले नाहीत आणि आज वकिलाच्या वर ताण! फॉर्म काय आणलाय, फुल्या काय दाखवतेय! त्याला तिचा एवढा अभिमान वाटला की उठून तिची पाठ थोपटावीशी वाटली. आपण हिला कधी ओळखलंच नाही, असं त्याला वाटलं, आणि त्यात तो अगदी बरोबर होता.

"तळघरातली हत्यारं?" लोरने विचारलं.

"खोक्यांत भरून गॅरेजमध्ये ठेवलीत. सूटही त्यातच आहे."

वा! वर्लिनने रॉनीला टेबलाखालून लाथ मारली.

"ते परत येणार आहेत का?"

"नाही," आर्डिस म्हणाली. "तो माझ्या घरी राहत नाही."

लोरने तिचं म्हणणं लिहून काढलं, वाचून दाखवलं, आणि कागद पुढे सरकवला. आर्डिसने चष्मा लावला, सगळं पुन्हा एकदा स्वतः वाचलं आणि सही केली. तीस वर्षं ती शाळेत डब्यांच्या हिशेबावर जशी करायची तशीच, स्वच्छ आणि गोल.

"माझ्याकडून झालं," लोर फाइल बांधत म्हणाली. "पत्र महिन्याभरात येईल, पण मी तुम्हाला त्या वर्षीचे परराज्यातले धरणार आहे. लायसन्सचं मात्र संबंधित खात्याला कळवावं लागेल." दारात बूट चढवताना ती आर्डिसला म्हणाली, "खुबा कसा आहे आता?"

"थंडीत दुखतो," आर्डिस म्हणाली. वर्लिनच्या लक्षात आलं, हे त्याने विचारलंच नव्हतं. पण ते क्षणभरच. ती गाडी वळून गेली न गेली तोच त्याने रॉनीच्या पाठीत असा गुद्दा घातला की रॉनी टेबलावर आडवा झाला.

"जिंकलो! बेचाळीस वर्षांनी, रॉनी! आपटले शेवटी! वीतभर मोजत होते नाही का लेकाचे!"

रॉनी हसला नाही. तो आर्डिसकडे बघत होता. ती कोटाची बटणं लावून बाहेर निघाली होती.

वर्लिन तिच्या मागे धावला. रॉनीच्या कचेरीमागच्या मोकळ्या जागेत तिची गाडी होती आणि त्याचा पिकअप. बर्फ वितळून सगळीकडे राड झाली होती. ती एकेक पाऊल जपून टाकत होती.

"अगं काय बोललीस तू!" तो ओरडला. "रॉनीचा तर श्वासच अडकला! आणि ती खोक्यांची थाप! सूट पण त्यातच म्हणे! मला तर कधी सुचलं नसतं. चल, घरी चल, भूक लागलीय. पुढल्या आठवड्यात विकतोच ते केस्टरचं खोकडं."

"खोकी गॅरेजमध्ये आहेत," आर्डिस म्हणाली. "सहा आहेत. पिकअप आणलाच आहेस तर मागे ये आणि घेऊन जा."

वर्लिन हसला. मग हसायचा थांबला. "केस संपली, आर्डिस. ती गेली. आता कुणी ऐकत नाही."

"मला दिसतंय."

"हे बघ, त्या डिसेंबरचं मनात धरू नकोस. मी रोज फोन केला. सू फॉल्सला तू आली असतीस तर मी खुर्चीवरून हललो नसतो. मी परत येणारच होतो."

"माहीत आहे. नाताळला. दोन दिवस."

"अगं पण ते सगळं आपल्या दोघांसाठीच ना? हरलो असतो तर? माझ्याबरोबर तुझंही गेलं असतं! मी कुणासाठी करत होतो हे?"

"मिनेसोटासाठी," ती म्हणाली. "माझ्याशी तू कधी एवढं भांडला नाहीस. एवढं मन लावून."

त्याच्यापाशी बोलायला पुष्कळ होतं. बेचाळीस वर्षांचं होतं. तो उभाच राहिला, दोन्ही बुटांत पाणी शिरेपर्यंत. शेवटी म्हणाला तो आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "मी तुला नुसतं खोटं बोलायला सांगितलं होतं गं."

"हो," आर्डिस म्हणाली. तिने गाडीचं दार उघडलं, आधी स्वतःला आत टेकवलं, मग दुखरा पाय हाताने उचलून आत घेतला. "आठवडाभर ते वाक्य मी तोंडात घोळवत होते. वर्लिन इथे राहत नाही. भांडी घासताना म्हणून बघितलं, झोपताना म्हणून बघितलं. यात खोटं काय आहे तेच मला सापडेना."

तिने दार ओढून घेतलं आणि गाडी सुरू केली. वर्लिन पिकअपमध्ये बसला आणि सहा खोकी आणायला तिच्या मागे निघाला.